"कामाला लावते" म्हणणारी मावशी: वस्तीतल्या मुली जातात कुठे, आणि आपण करायचं काय?

पागोळी (सोमवार, रात्री १०:५२)

मानखुर्दच्या एका वस्तीत मी संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांची अभ्यासिका चालवते. वस्तीचं नाव मुद्दाम देत नाही. इथे बरेच जाणते लोक आहेत म्हणून विचारते.

आमच्या गल्लीत पूर्वी राहणारी एक बाई आहे, सगळे तिला मावशी म्हणतात. गणपतीच्या आधी ती परत आली, अंगावर बऱ्यापैकी सोनं, आणि आता गल्लीतल्या तीन मुलींना हैदराबादला केटरिंगच्या कामाला नेतेय. महिना अठरा हजार, राहणं-खाणं फुकट. आयांच्या हातात प्रत्येकी दहा हजार आगाऊ ठेवलेत. एक मुलगी माझ्याकडे दहावीला आहे, सोळा पूर्ण. दुसरीने नववीत शाळा सोडली, ती सतराची. तिसरी एकोणीस. "तिकिटाला लागतात" म्हणून तिघींची मूळ आधारकार्डं मावशीकडे आहेत. कंपनीचं नाव विचारलं तर तिने मोबाइलवर पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींचा फोटो दाखवला. फोटोत ना हॉलचं नाव, ना गावाचं.

हे वाईटच आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पोलिसांत गेले आणि काम खरं निघालं, तर वस्तीत मला कुणी दारात उभं करणार नाही. गेले नाही आणि काम खोटं निघालं तर काय, ते लिहायची गरज नाही. येत्या रविवारी निघायचं म्हणतायत.

आणि एरवीचाही प्रश्न आहेच. असं काही दारात येऊन उभं राहायच्या आधी वस्तीत काय केलं तर खरंच उपयोग होतो? पोस्टर सांगू नका. पोस्टर भरपूर आहेत, पावसात त्यांची छपरं होतात.

बोकोबा

११२ लावा. विचार कसला करताय?

तिरपागडा

मी जरा उलटं बोलतो. गरीबाच्या पोरीने गाव सोडून कामाला जायचं म्हटलं की आपल्याला लगेच तस्करी दिसते. आपली पोरगी बेंगळुरूला गेली की ती करिअर करते. आमच्या तालुक्यातून कितीतरी मुली पुण्याला पॅकिंगला, केटरिंगला जातात आणि घर चालवतात. बाईने सोनं घातलं म्हणून ती दलाल? पागोळीताई, तुमच्यावर रोख नाही, पण अशाने मुलींचा उंबरा आणखी उंच होतो.

वकिलीणबाई

तिरपागडा यांचा मुद्दा टाकाऊ नाही, तरी कायदा काय म्हणतो ते आधी.

सोळा-सतराच्या मुलीने केटरिंगमध्ये काम करणं हा आपोआप गुन्हा होत नाही. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदाच्या आतल्यांना जवळजवळ सगळ्याच कामांत बंदी आहे, चौदा ते अठरा वयाला धोकादायक कामांत. त्यामुळे नुसतं "मुलगी लहान आहे" एवढ्यावर पोलीस हात वर करतील. पण फसवून, आमिष दाखवून, पैसे देऊन शोषणासाठी नेलं तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ खाली मानवी तस्करी, आणि तिथे मुलीची संमती गैरलागू असते. आईने हो म्हटलं होतं हाही बचाव नाही. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत शिक्षा सात ते दहा वर्षं. अल्पवयीन असेल तर किमान दहा, एकापेक्षा जास्त अल्पवयीन असतील तर किमान चौदा. दोन्हींत जन्मठेपेपर्यंत.

तुमच्या कामाची गोष्ट मात्र दुसरीच आहे. बाल न्याय कायद्यात "काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल" या व्याख्येत तस्करीत ओढलं जाण्याची शक्यता असलेलं मूलही येतं. म्हणजे गुन्हा घडेपर्यंत थांबायचं कारण नाही. बालकल्याण समितीला कुणीही कळवू शकतं. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला तरी चालतं. तक्रार करताना "मावशी दलाल आहे" असं लिहू नका. जे पाहिलं तेवढंच लिहा: आगाऊ रक्कम, मूळ कागद ताब्यात, कामाचा पत्ता नाही, निघायचा दिवस.

आधारवरची जन्मतारीख वयाचा पुरावा धरून चालू नका, हेही आत्ताच सांगते. शाळेचा दाखला आधी, तो नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला. दोघींच्या शाळेतून दाखल्याची प्रत घेऊन ठेवा.

आकडे कागदावर फार थोडे येतात. २०२२ साली देशभरात तस्करीचे २,२५० गुन्हे नोंदले गेले, त्यात तेलंगणा पहिला, ३९१, आणि महाराष्ट्र दुसरा, २९५. एवढ्या मोठ्या देशात हे आकडे खरे वाटतात का? जिथे पोलीस नोंदवतात तिथे आकडा मोठा दिसतो, असंही असू शकतं.

बोकोबा

म्हणजे ११२ च. मी एका ओळीत सांगितलं होतं. :)

पाचवा_डबा

जागरूकतेच्या कार्यक्रमाबद्दल बोलायचं तर आमच्याकडचा सांगतो. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा, तोवर शाळेच्या मुली उन्हात बसलेल्या. मग पथनाट्य. त्यात दलाल कसा? काळा गॉगल, गळ्यात रुमाल, मिशी. मुली हसून हसून लोळल्या. असा माणूस गल्लीत आला तर कुत्रीसुद्धा भुंकतील. शेवटी वडापाव आणि सेल्फी. हलके घ्या.

भिवंडीची_सेविका

पाचवा_डबा, हसू नका, ते नाटक मी बसवलेलं असू शकतं. :)

मी अंगणवाडी सेविका आहे, यंत्रमागाच्या वस्तीत. पागोळीताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर देते, जरा लांबेल.

पहिली गोष्ट, गॉगलवाला कधीच येत नाही. येते ती कुणाची तरी आत्या, मामेबहीण, जुनी शेजारीण, नाहीतर "माझ्यावर प्रेम आहे" म्हणणारा मुलगा. ओळखीचं माणूस असतं म्हणून तर मुलगी जाते. वस्तीत "अनोळखी माणसापासून सावध" असं शिकवून काही होत नाही.

दुसरी गोष्ट, मुलगी अचानक जात नाही. आधी शाळेतून उठते. त्याआधी घरात कुणीतरी आजारी पडतं, नाहीतर बाप काम सोडतो, नाहीतर गटाचं कर्ज थकतं. बचतगटवाल्यांचं म्हणत नाही, त्या आठवड्याला हप्ता गोळा करणाऱ्या कंपन्यांचं म्हणते. आमच्याकडे हप्त्याच्या दिवशी दहा बायका एका ओट्यावर बसतात आणि एकीचा हप्ता कमी पडला तर बाकीच्यांना उठू देत नाहीत. त्या ओट्यावर बसलेल्या बाईला कुणी दहा हजार हातात दिले तर ती कागदपत्रं तपासत बसणार आहे का?

म्हणून मी जन्मदाखले आणि शाळा या दोन गोष्टींवर बसते. आठवडाभर मुलगी शाळेत नाही म्हटलं की घरी जायचं. "गावाला गेली" म्हणाले की विचारायचं कोणत्या गावाला, कुणाकडे, फोन लावून द्या, मला तिच्या लसीचं विचारायचंय. लस हे निमित्त. फोन लागला आणि मुलगी बोलली तर ठीक. तीन वेळा "आत्ता झोपलीय" म्हणाले तर ठीक नाही. वस्तीत महापालिकेच्या आरोग्यसेविका असतात, त्यांना कुठल्या घरात काय शिजतंय तेसुद्धा माहीत असतं. तुमच्या गल्लीतली आरोग्यसेविका गाठा. मावशीकडे एकट्या जाऊ नका, तिला घेऊन जा. तुम्ही बाहेरच्या, ती घरातली.

आणि आयांना चोर ठरवू नका. आई विकते असं लोक फार पटकन बोलतात. मी इतकी वर्षं बघतेय, बहुतेक आयांना खरंच वाटत असतं की पोरगी इथल्यापेक्षा बरी राहील.

तिरपागडा

सेविकाताई, लसीची युक्ती आवडली. मान्य.

आता एक सांगतो. माझा चुलतभाऊ केटरर आहे, लहानपणापासून ते बघतोय. वाढपी मुलं-मुली त्याच शहरातून उचलतात, हजेरीवर, कार्यक्रम झाला की रात्री पैसे हातात. महिन्याचा पगार फक्त आचारी आणि मुकादमाला. भांडी घासणाऱ्या मुलीला मुंबईहून हैदराबादचं तिकीट काढून, वर दहा हजार आगाऊ देऊन कोण नेईल? आणि नेणार कधी, तर भाद्रपदात! गणपती गेले की पितृपंधरवडा. लग्नं तुळशीच्या लग्नानंतर. आत्ता तिकडे कुणाच्या पंगती वाढायच्यात?

मी माझं वरचं मत सोडत नाही. कामाला जाण्यात वाईट काही नाही. पण हे काम मला कामासारखं दिसत नाही.

निजामाचा_पाहुणा

हैदराबादला राहतो. मुसलमानांची लग्नं असतात, आयटीवाल्यांच्या पार्ट्या बारमाही असतात. त्यामुळे तुमचं पंचांग इथे अर्धंच चालतं. पण वाढपी इथल्याच वस्त्यांतून येतात हे बरोबर. पत्ता मिळाला तर मी जाऊन बघून येतो, गाडी आहे.

पागोळी

सगळ्यांचे आभार. पाहुणे, पत्ता मिळाला की कळवते. तिरपागडा, पितृपंधरवड्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आरोग्यसेविका ओळखीची आहे, उद्या दोघी जातो. १०९८ ला आज फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं.

कल्याण_जंक्शन

रेल्वेत नोकरी झाली, आता निवृत्त. फलाटावरचं थोडं सांगतो. उत्तरेकडून गाडी आली की पोरांचे घोळके उतरत, सोबत एकच माणूस. जरीच्या कारखान्यात, पर्सच्या कारखान्यात जाणारी. गोवंडी, मदनपुरा, धारावी. २००५ च्या धाडींनंतर गोवंडीच्या जरी कारखान्यांतून पोरांना गाडीत बसवून बिहारला परत पाठवलं होतं. त्यातली काही पुन्हा आली असणारच, कारण घरची चूल तशीच होती.

आता दुसरी बाजू. मे २०२३ मध्ये दानापूर-पुणे गाडीतून भुसावळ आणि मनमाडला ५९ मुलं उतरवली. बिहारहून सांगलीकडच्या मदरशात शिकायला निघालेली. सोबतच्या पाच जणांवर तस्करीचा गुन्हा लावला, ते जवळजवळ महिनाभर आत होते. पुढच्या वर्षी रेल्वे पोलिसांनीच गैरसमजातून झालं म्हणून प्रकरण बंद केलं. मुलं तोवर बालगृहात राहून घरी गेलेली. टोपी बघून संशय घेतला की असं होतं. विचारायचं ते मुलालाच विचारायचं: कुठे चाललास, कुणाकडे, घरचा फोन नंबर काय, कागद आहे का. कागद खरा की खोटा ते नंतर. मुलाशी त्याच्या भाषेत बोलायला कुणी नसेल तर तपास कसला?

साक्रीकर

कल्याणकाकांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझा दुजोरा. मी धुळे जिल्ह्यातला. १ जुलै २०१८, आमच्या तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची व्हॉट्सअ‍ॅप क्लिप फिरत होती. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण बाजारात आले होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं.

म्हणून विनंती, या धाग्याचं कुणी "सावध राहा" छापाचं फॉरवर्ड करू नका. भीती पसरवली की लोक भटक्यांना मारतात आणि मावशी आरामात गाडीत बसते.

कृष्णाकाठ

सांगलीचा आहे म्हणून बोलतो. इथे 'संग्राम' ही संस्था आणि वेश्या व्यवसायातल्या बायकांची स्वतःची संघटना 'व्हॅम्प' अनेक वर्षं काम करतात. त्यांचं म्हणणं शहरातल्या लोकांना पचत नाही: धाड घालून "सोडवलेली" प्रत्येक बाई सुटते असं नाही. प्रौढ बाईला तिच्या इच्छेविरुद्ध सुधारगृहात कोंडलं जातं आणि तिची पोरं बाहेर राहतात. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मालाडच्या धाडीतल्या तिघींना सोडायचा आदेश दिला तेव्हा हेच सांगितलं, की वेश्या व्यवसाय करणं हा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नाही आणि सज्ञान बाईला मनाविरुद्ध डांबता येत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पोलिसांना तशाच सूचना दिल्या. तस्करी आणि वेश्या व्यवसाय एकाच टोपलीत टाकले की पोलीस सोपं काम करतात, अवघड काम राहून जातं.

अल्पवयीन मुलींबद्दल मात्र त्या बायका स्वतःच सगळ्यात कडक असतात. कोवळी पोरगी वस्तीत आणली तर आधी त्यांनाच कळतं.

गिरगावकर_जुना

कृष्णाकाठ, सांगलीत असेल तसं. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईत मोठी धाड पडली तेव्हा चारशेच्या वर मुली काढल्या होत्या, त्यातल्या कितीतरी नेपाळच्या आणि अल्पवयीन. त्या बाहेर काढल्या नसत्या तर कुठे असत्या?

कृष्णाकाठ

आणि काढल्यावर कुठे ठेवलं, त्यांना परत न्यायला त्यांच्या सरकारला किती वेळ लागला, तेही आठवा. धाड नको असं मी म्हटलेलं नाही. धाडीच्या दुसऱ्या दिवशी काय, एवढंच विचारतोय.

गिरगावकर_जुना

ठीक आहे, तो प्रश्न खरा. मग कामाठीपुऱ्यातलंच उदाहरण देतो. प्रीती पाटकरांच्या 'प्रेरणा' संस्थेने १९८८ मध्ये तिथे रात्रीचं केंद्र सुरू केलं. कल्पना किती साधी बघा. आई रात्री धंद्यावर, मूल त्याच खोलीत पलंगाखाली. तर ते मूल संध्याकाळी केंद्रात यावं, तिथेच जेवावं, अभ्यास करावा, झोपावं, सकाळी शाळेत जावं. आईची मुलगी त्याच धंद्यात जाऊ नये म्हणून भाषण दिलं नाही, रात्रीची जागा दिली. पागोळीताई, तुमची अभ्यासिका किती वाजता बंद होते?

पागोळी

साडेआठला. महापालिकेच्या शाळेची खोली आहे, शिपाई कुलूप लावतो.

आरसेमहाल

सगळे मानखुर्द, कामाठीपुरा, हैदराबाद करतायत. आपल्या सोसायट्यांत काय? आमच्या मजल्यावर एका घरात तेरा वर्षांची मुलगी बाळ सांभाळायला आहे. गावाकडून "आणलीय". रविवारी मॉलमध्ये मॅडमच्या मागे बाळाची पिशवी घेऊन चालते. घरकामाला चौदाखालच्या मुलांना ठेवायला ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. शिकलेली माणसं आहेत, वर्तमानपत्र वाचतात.

सुखवस्तू

प्रत्येक वेळी मध्यमवर्गाला झोडपायची हौस! आमच्याकडेही आईच्या माहेरची एक मुलगी होती. तिला आम्ही शाळेत घातलं, चांगलं खायला-प्यायला दिलं, तिचं लग्न लावून दिलं. गावात राहिली असती तर चौदाव्या वर्षी बोहल्यावर चढली असती.

आरसेमहाल

शाळेत पाठवलंत हे चांगलंच. पण ती पहाटे किती वाजता उठायची आणि तुमची मुलगी किती वाजता? भांडायला विचारत नाही.

सुखवस्तू

विचारताय भांडायलाच.

संपादक मंडळ

इथे थांबूया. वैयक्तिक रोखाचे दोन प्रतिसाद काढले आहेत. मूळ विषयावर या.

जेबेल_अली

मुलींचंच चाललंय, मुलग्यांबद्दल लिहितो. आखातात बरीच वर्षं आहे. पूर्वी व्हिजिट व्हिसावर आणून पासपोर्ट काढून घ्यायचे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर आखातासारख्या ठरावीक देशांत कामाला जायचं तर सरकारी मंजुरी लागते. नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून तीस हजार आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. लाख-दीड लाख मागतो तो एजंट नाहीच. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक तपासायला मिनिटभर लागतं.

आता नवं निघालंय. बारावी झालेला, थोडं इंग्रजी आणि टायपिंग येणारा मुलगा, "थायलंडला डेटा एंट्री". बँकॉकला उतरतो आणि नदी ओलांडून म्यानमारमध्ये कोंडला जातो. तिथून आपल्याच लोकांना फसवणुकीचे फोन आणि मेसेज करायला लावतात, नकार दिला की मार. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने लष्करी विमानांनी दोन दिवसांत ५४९ जणांना परत आणलं. वस्तीतल्या, चाळीतल्या मुलांच्या बापाने यासाठी कर्ज काढलेलं असतं. तुमच्या अभ्यासिकेत दहावीच्या मुलग्यांना हे नक्की सांगा, ती तर स्वतःच फोनवर नोकऱ्या शोधतात. मावशीची गरजही लागत नाही.

पाचवा_डबा

म्हणजे मला रोज "सर, आपका पार्सल अटक गया है" म्हणणारा पोरगा तिकडे कोंडलेला असू शकतो? मी त्याला आईवरून शिव्या घालतो हो.

जेबेल_अली

असू शकतो. पैसे मात्र पाठवू नका. :)

पागोळी (शनिवार, दुपार)

काय काय झालं ते सांगते. मधे धाग्यावर यायला जमलं नाही.

आरोग्यसेविकेबरोबर आधी आयांकडे गेलो. दहावीतल्या मुलीची आई म्हणाली, "टीचर, मला कळत न्हाई का? पण हप्तेवाली बाई दारात बसती तवा तुमी येता का?" दहा हजारांतले अर्धे हप्त्यात गेले होते आणि उरलेल्याचा घराचा पत्रा बदलला. नवा पत्रा वर चमकत होता. मी पुढे काही बोलले नाही.

मग मावशीकडे. सेविका म्हणाली, "मावशे, पोरींच्या गोळ्यांच्या नोंदीला आधार लागतंय, दे जरा." मावशी हसली, चहा केला, कार्डं मात्र संध्याकाळी देते म्हणाली. पत्ता विचारला तर "साहेब स्टेशनला घ्यायला येतात" एवढंच. १०९८ कडून दोघं आले, तेही पाहुण्यासारखे बसून बोलून गेले, आरडाओरडा नाही. दोन दिवसांनी कार्डं मिळाली. सतरावालीचं कार्ड नवं छापलेलं होतं. तीच मुलगी, तोच नंबर, जन्मसाल मात्र दोन वर्षांनी मागे गेलेलं. वकिलीणबाईंच्या सांगण्यावरून शाळेचा दाखला आधीच काढून ठेवला होता, त्यामुळे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवता आले. दोन्ही घेऊन पोलिसांत गेलो. आधी नुसता अर्ज घ्या म्हणत होते. १०९८ वाले सोबत असल्यामुळे आणि जन्मसालामुळे शेवटी गुन्हा नोंदला. दोघी मुलींना आयांसकट बालकल्याण समितीपुढे नेलं, समितीने घरीच राहू दिलंय, पाठपुरावा होणार आहे.

मावशी गल्लीतून गेली. कुठे गेली कुणाला माहीत नाही, आणि दुसऱ्या कुठल्या गल्लीत नवी मावशी म्हणून बसली असेल हे मला दिसतंय. तिचा फोन नंबर पोलिसांकडे दिलाय.

एकोणीस वर्षांची मुलगी माझ्याशी बोलत नाही. म्हणाली, "मी लहान आहे का? तुम्ही देता का मला काम?" तिच्या आईला मावशीच्या कुणा माणसाचा फोन येतोय, दहा हजार परत दे म्हणून.

वकिलीणबाई

तो फोन नंबर, वेळ, काय बोलला, सगळं लिहून तपास अधिकाऱ्याला द्या. तुमच्या हातून किंवा तुमच्या देखत पैसे परत करू नका. कामाच्या बदल्यात आगाऊ देऊन बांधून घेणं वेठबिगारीत बसलं, तर १९७६ च्या कायद्याने असं कर्ज फेडायची जबाबदारीच राहत नाही. इथे ते बसतं की नाही, ते तपासात ठरेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आईला घेऊन जा, बायकांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो.

मोठी मुलगी सज्ञान आहे. तिला अडवायचा हक्क तुम्हाला नाही, मलाही नाही. तिचा राग समजण्यासारखा आहे.

भिवंडीची_सेविका

"हप्तेवाली बाई दारात बसती तवा तुमी येता का" हे छापून माझ्या अंगणवाडीत लावणार आहे. (पोस्टर म्हणूनच, पागोळीताई, माफ करा.)

आमच्याकडे आम्ही पाच-सहा सेविकांनी एक भिशी ठेवली आहे, फक्त अशा अडचणीसाठी. व्याज नाही. रक्कम छोटी असते, आठवड्याचा हप्ता निघेल एवढीच. तेवढ्यानेही दोन आठवडे मिळतात आणि दोन आठवड्यांत काही ना काही सुचतं. सगळे परत करतात असं नाही. एकीने बुडवलेच. चालायचंच.

सुखवस्तू

पागोळीताईंच्या कामाबद्दल आदर. भिशीत बाहेरच्यांना भाग घेता येतो का?

भिवंडीची_सेविका

आमच्यात नाही. बाहेरचा पैसा आला की हिशेब, पावत्या, फोटो सुरू होतात. तुमच्या जवळच्या वस्तीत सेविकेला भेटा, ती सांगेल काय लागतं ते. बहुतेक वेळा परीक्षेची फी नाहीतर पास लागतो.

निजामाचा_पाहुणा

म्हणजे माझी गाडी वाया गेली. बरंच झालं.

गिरगावकर_जुना

साडेआठच्या कुलपाचं काही करता येईल का? नगरसेवकापेक्षा मुख्याध्यापकांना अर्ज द्या, पालकांच्या सह्या घेऊन. दहापर्यंत खोली मिळाली तरी पुष्कळ.

तिरपागडा

त्या मोठ्या मुलीचं बोलू. "तुम्ही देता का काम" हा सवाल मला आहे असंच मी समजतो, इथे कामाच्या बाजूने मीच ओरडलो होतो. चुलतभावाचं मुंबईतलं काम दादरला एका मंगल कार्यालयात असतं. दिवाळीपर्यंत डबे आणि फराळाची ऑर्डर, तुळशीच्या लग्नानंतर पंगती. हजेरी, पैसे रोजच्या रोज, तिथे आधीच चार बायका कामाला आहेत, तिने आईला घेऊन येऊन आधी बघावं. कागद कुणी ठेवून घेणार नाही. आगाऊही मिळणार नाही. पागोळीताई, व्यक्तिगत निरोप (व्यनि) केला आहे.

पागोळी

व्यनि मिळाला, धन्यवाद. आरोग्यसेविकेकरवी तिला विचारलं, माझ्याशी अजून अबोला आहे. दादर चालेल म्हणते. सकाळी सातची वेळ नको, पाणी साडेसहाला येतं आणि भरायला तीच असते. कुर्ल्याला गाडी बदलून आठपर्यंत पोचेल. पगार रोज मिळणार की शनिवारी, हे तिने दोनदा विचारलंय, तेवढं भावाला विचारून सांगाल का?